विद्यापीठाचे आवार आणि प्लॅस्टिकचा कचरा : बीदर-कलबुर्गी सीमाभागाचा इतिहास

बहमनी राज्याचे वजीर महमूद गवान यांनी इ. स. १४७२ मध्ये बीदर येथे उभारलेला तीन मजली मदरसा हा सीमाभागातील निवासी उच्चशिक्षणाचा ठळक पूर्वज होय. त्या काळी रोजच्या वापरातील वस्तू माती, धातू, कागद, कापड आणि पाने यांच्या असत. त्यामुळे जे टाकले जाई ते मातीत मिसळे किंवा वितळवून पुन्हा घडवले जाई. पळसाच्या पानांच्या पत्रावळी व द्रोण वापरण्याची रीत तर या भागात विसाव्या शतकातही टिकून होती.

आधुनिक काळात कलबुर्गी (जुने नाव गुलबर्गा) येथील गुलबर्गा विद्यापीठ १९८० मध्ये सुरू झाले आणि २००९ मध्ये स्थापन झालेल्या कर्नाटक केंद्रीय विद्यापीठाचे आवार आळंद तालुक्यातील कडगंची येथे वसले. वसतिगृहे, भोजनगृहे, उपाहारगृहे आणि समारंभ यांमुळे अशी आवारे छोट्या गावांसारखी झाली, आणि याच दशकांत प्लॅस्टिकच्या पिशव्या, पेले व वेष्टने सर्वत्र पसरली.

कायद्याने आधी पिशवीच्या जाडीवर बोट ठेवले. मायक्रॉन म्हणजे मीटरचा दहा लाखावा भाग. १९९९ च्या केंद्रीय नियमांत पिशवीची किमान जाडी २० मायक्रॉन होती, ती २०११ मध्ये ४०, २०१६ मध्ये ५०, तर २०२२ च्या अखेरीस १२० मायक्रॉन झाली. या वाढीमागे भंगाराचा व्यवहार आहे. कचरावेचकांना मोबदला वजनावर मिळतो, त्यामुळे पाण्याची बाटली उचलली जाते, पण हलकी पिशवी तशीच पडून राहते. खाऊच्या वेष्टनात प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असल्याने त्याला तर भंगारातही सहसा गिऱ्हाईक मिळत नाही.

कर्नाटक सरकारने ११ मार्च २०१६ च्या अधिसूचनेद्वारे पिशव्या, ताटल्या, पेले, चमचे व फलक अशा प्लॅस्टिकच्या वस्तूंवर बंदी घातली. शेजारच्या महाराष्ट्रात व्यापक बंदी मार्च २०१८ मध्ये आली. म्हणजे मधली दोन वर्षे कर्नाटकातील बीदर आणि महाराष्ट्रातील उदगीर या जवळजवळच्या बाजारपेठांना वेगवेगळे कायदे लागू होते. एकदाच वापरून टाकल्या जाणाऱ्या ठरावीक वस्तूंवर देशव्यापी बंदी १ जुलै २०२२ पासून लागू झाली.

विद्यापीठांच्या दृष्टीने २०१६ हेच वर्ष निर्णायक ठरते. त्या वर्षीच्या केंद्रीय प्लॅस्टिक नियमांची व्याप्ती शहरांपुरती न राहता ग्रामीण भागापर्यंत वाढली, त्यामुळे कडगंचीसारखे ठिकाणही त्यांच्या कक्षेत आले; तर घनकचरा नियमांनी सरासरी रोज १०० किलोंहून अधिक कचरा करणाऱ्या संस्थांना, त्यांत विद्यापीठांनाही, मोठे कचरानिर्माते मानले आणि ओला व सुका कचरा जागीच वेगळा करण्याचे कर्तव्य त्यांच्यावर टाकले. विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०१९ मध्ये आवारांतून एकदाच वापरायचे प्लॅस्टिक हद्दपार करण्याची सूचना विद्यापीठांना दिली.

या वाटचालीत जबाबदारी उत्पादकापासून विक्रेत्याकडे आणि तेथून कचरा करणाऱ्या संस्थेपर्यंत आली. तिचा आरंभ कचरापेटीपाशी नव्हे, तर खरेदीपाशी व्हायला हवा : उपाहारगृहाच्या करारात धातूची भांडी बंधनकारक करणे, जागोजागी पिण्याच्या पाण्याची सोय करणे आणि वेगळा केलेला सुका कचरा कचरावेचकांच्या हाती सन्मानाने देणे, एवढे प्रत्येक विद्यापीठाच्या अधिकारात आहे. ज्या संस्था पर्यावरण हा विषय शिकवतात, त्यांनी तो आपल्या आवारात आधी आचरला पाहिजे.