उदगीरचे दोन गनीम

कादंबरीत किंवा हल्लीच्या व्हिडिओ गेममध्ये नायकाचा हाडवैरी एकाएकी मैत्रीचा हात पुढे करतो, तेव्हा मनात एकच प्रश्न उभा राहतो: हा मनापासून बोलतो आहे काय? साहित्याच्या वर्गात आपण त्याचे उत्तर पात्राच्या अंतरंगात शोधतो. इतिहासात अंतरंग हाती लागत नाही. हाती लागते ती कृती. हा फरक समजून घेण्यासाठी लातूर जिल्ह्यातील उदगीरकडे वळावे, असे आम्हांस वाटते.

३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीर-औसा परिसरात सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेचा निर्णायक पराभव केला. सलाबतजंग आणि त्याचा भाऊ निजामअली यांना तह करावा लागला. सुमारे ६० लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख मराठ्यांना मिळाला; त्यात दौलताबाद, अशीरगड, विजापूर, बऱ्हाणपूर ही ठाणी होती. ज्याच्या तोफांनी हा विजय सुकर केला, तो इब्राहिमखान गारदी काही काळापूर्वीपर्यंत निजामअलीच्याच चाकरीत होता. म्हणजे भाऊंना त्या दिवसांत दोन माणसे पारखायची होती: तहाला मान तुकवणारा शत्रू आणि शत्रूकडून आलेला चाकर.

संशयाला जागा अधिक होती ती चाकराविषयीच. ऑक्टोबर १७५९ मध्ये मुजफ्फरखान गारद्याने भाऊंच्या खुनाचा कट केला होता आणि त्याबद्दल त्याला देहदंड झाला होता. इब्राहिमखान फ्रेंच कवायतीत तयार झालेला, पगारासाठी लढणारा. गनिमी काव्यात मुरलेल्या होळकरांसारख्या सरदारांना त्याची गोलाची लढाई रुचत नव्हती. निजामअलीच्या शब्दामागे निदान राजघराण्याची प्रतिष्ठा होती.

पुढे घडले ते उलट. पानिपतानंतर १७६१ मध्येच निजामअली पुण्याच्या रोखाने निघाला. वाटेत टोक्याची देवळे उद्ध्वस्त झाली. १७६३ मध्ये त्याच्या फौजेने पुणे जाळले आणि त्याच वर्षी १० ऑगस्टला राक्षसभुवनी तो हरला. इब्राहिमखान मात्र १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जखमी होऊन पकडला गेला आणि अब्दालीच्या कैदेत मेला. शुजाउद्दौलाच्या पदरी असलेला काशिराज लिहितो, की त्या सकाळी खानाने भाऊंना जुन्या पगाराच्या तक्रारींची आठवण दिली आणि घेतलेला पैसा फुकट गेला नाही हे आज दिसेल, असे सांगितले.

यावरून एक प्रामाणिक व दुसरा कपटी असा निवाडा देण्याचा मोह होतो. तो आम्हांस मान्य नाही. असा निवाडा शेवट वाचून आरंभाचा अर्थ लावतो. निजामअलीने तह केला तेव्हा तो खोटेच बोलत होता, असे सिद्ध करता येत नाही. त्याचा शब्द मराठी फौजेच्या बळावर टिकून होता. पानिपतावर ते बळ ओसरले आणि शब्दही सुटला. गेलेला मुलूख परत मिळवणे हे त्याच्या दृष्टीने कर्तव्यच होते. पुढे १७६६ मध्ये माधवराव पेशव्यांनी त्याच्याशी स्नेहाची भेट घेतली, ती हे ओळखूनच असावी. गारद्याची निष्ठा तर पगाराशी बांधलेली होती आणि म्हणूनच ती खोटी होती असे नाही. आपले येणे रोखठोक मागणारा माणूस आपले देणेही रोखठोक फेडू शकतो.

तेव्हा प्रश्न थोडा बदलावा लागतो. वैऱ्याचे मन स्वच्छ आहे काय, यापेक्षा त्याचा शब्द कशावर उभा आहे आणि तो आधार निघाला तर काय उरेल, हे विचारणे फलदायी ठरते. विश्वास पाटील यांची 'पानिपत' (१९८८) किंवा भाऊसाहेबांची बखर शिकवताना गारद्याच्या मृत्यूपर्यंत जाण्याआधी विद्यार्थ्यांना उदगीरच्या तहापाशी थांबवावे, अशी आमची सूचना आहे. पुढचे काहीही ठाऊक नसलेल्या भाऊंनी फेब्रुवारी १७६० मध्ये कोणावर किती विश्वास ठेवायला हवा होता, हे त्यांना सकारण लिहू द्यावे.