वीस टायपिस्टसाठी थेट चर्चिलला पत्र

संशोधन असो की सॉफ्टवेअर, डोक्याने करायच्या कामात आपण धरूनच चालतो की हुशार माणसं जमवली की झालं. आजची गोष्ट या समजुतीला धक्का देणारी आहे.

ऑक्टोबर १९४१. इंग्लंडमधलं ब्लेचली पार्क. जर्मनांच्या 'एनिग्मा' यंत्राचे गुप्त संदेश इथे उलगडले जायचे. ॲलन ट्युरिंग आणि गॉर्डन वेल्चमन हे गणिती, ह्यू अलेक्झांडर आणि स्टुअर्ट मिल्नर-बॅरी हे बुद्धिबळपटू. डोक्यांची कमतरता नव्हती. तरी काम अडलं होतं. का? तर कारकून नव्हते!

पंचकार्डांची यंत्रं चालवणारा विभाग इतका थकला होता की रात्रपाळी बंद करावी लागली. परिणाम? आरमारी संदेशांची किल्ली सापडायला रोज किमान १२ तास उशीर. आणि अटलांटिकमध्ये तर पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या. दुसऱ्या विभागात मध्यपूर्वेतले संदेश टायपिस्टअभावी पडून होते. मागणी किती, तर सुमारे २० कारकून आणि २० टायपिस्ट. यंत्रांनी काढलेली उत्तरं तपासायला नौदलातल्या मुली देऊ, असं आश्वासन जुलैत मिळालेलं, तेही कागदावरच.

गंमत बघा, मागणी इतकी छोटी आणि काम इतकं गुप्त, की माणसं वाटून देणाऱ्या अधिकाऱ्यांना तिचं मोल कळायला मार्गच नव्हता.

शेवटी २१ ऑक्टोबरला या चौघांनी वरिष्ठांना ओलांडून थेट चर्चिलला पत्र लिहिलं. मिल्नर-बॅरी ते स्वतः डाउनिंग स्ट्रीटवर घेऊन गेले. चर्चिलने शेरा मारला, आजच्या आज कारवाई करा, हवं ते द्या आणि दिल्याचं मला कळवा. महिन्याभरात गुप्तचर प्रमुखांचं उत्तर आलं, शक्य ते सगळं चालू आहे. फेब्रुवारी १९४२ मध्ये नेतृत्वही बदललं. युद्धाच्या अखेरीस तिथे सुमारे ९,००० माणसं होती, बहुतेक स्त्रिया.

भरतीने सगळं सुटलं का? नाही. त्याच फेब्रुवारीत जर्मन पाणबुड्यांच्या एनिग्मात चौथं चक्र आलं आणि पुढचे १० महिने त्यांचे संदेश जवळजवळ बंदच झाले. तिथे बुद्धीचाच कस लागला. पण न सुटणारं कोडं वेगळं, आणि सुटू शकणारं कोडं माणसांअभावी पडून राहणं वेगळं. पहिल्यात टीमची परीक्षा असते. दुसऱ्यात, टीमला माणसं देणाऱ्यांची.