खाडीतून आलेली फौज

पेण काय किंवा रोहा काय, गावातून समुद्र दिसत नाही. तरी भरतीचे पाणी धरमतरच्या खाडीतून पेणच्या अंतोरे बंदराकडे येते आणि रेवदंड्याहून कुंडलिकेतून रोह्याच्या दिशेने चढते. या पाण्यावरून मीठ गेले, भात गेले, आणि याच पाण्यावरून फौजाही आल्या.

ऑक्टोबर १६७३ मध्ये सिद्दी आणि मोगलांचे आरमार मुंबई बंदरात शिरले. तिथून त्यांच्या टोळ्या पेण आणि नागोठण्याच्या खाड्यांतून आत आल्या, काठावर उतरल्या आणि शिवाजी महाराजांच्या मुलखातली गावे त्यांनी उद्ध्वस्त केली. आरमार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तोफा येतात. पण गाव उजाड होते ते जहाजातला माणूस जमिनीवर पाय ठेवतो तेव्हा.

हा पाय ठेवणे सोपे नसते. मोठ्या जहाजाला खोल पाणी लागते आणि काठाजवळ पाणी उथळ. म्हणून कोकणच्या आरमारात दोन जातींची जहाजे बरोबर चालत. गुराब म्हणजे दोन-तीन डोलकाठ्यांची, तोफा वाहणारी. गलबत लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे, वारा पडला तरी चालणारे आणि उथळ पाण्यात शिरणारे. गुराबेने मारा करायचा, गलबताने माणसे पोहोचवायची.

याची खरी परीक्षा १६७९ मध्ये खांदेरीला झाली. थळसमोरच्या या ओसाड बेटावर महाराजांच्या हुकमाने मायनाक भंडारी माणसे घेऊन उतरले आणि तटबंदी सुरू झाली. मुंबईच्या इंग्रजांनी वेढा घातला. सप्टेंबरात त्यांचा एक अधिकारी, थॉर्प, बेटाला लागण्याच्या प्रयत्नात मारला गेला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या हाताखालची मराठी गलबते चालून गेली. इंग्रजांची ‘डोव्हर’ ही गुराब त्यांनी पकडली. ‘रिव्हेंज’ या मोठ्या जहाजाने मात्र तोफा डागून पाठलाग केला, तेव्हा गलबते नागावच्या उथळ पाण्यात शिरली. तिथे ‘रिव्हेंज’ला जाता येईना. पुढे रात्रीच्या काळोखात होड्या बेटावर रसद टाकत राहिल्या. अखेर जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी तह केला आणि खांदेरी महाराजांकडे राहिली.

इकडे दौलतखान, तिकडे इंग्रजांच्या मदतीला आलेला सिद्दी कासम. दर्यावरची निष्ठा धर्म विचारून ठरत नव्हती. आणि या दोघांची नावे तरी उरली. काळोखात वल्हे मारणाऱ्या खलाशांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत.

आजच्या नौदलातही प्रश्न तोच आहे. रणगाडे उतरवणारे जहाज सपाट तळाचे असते. समुद्रात स्थिर राहण्यासाठी ते टाक्यांत पाणी भरते, किनाऱ्याशी येताना ते पाणी सोडून हलके होते आणि नाक वाळूवर टेकवते. पुढचा दरवाजा उघडतो, फळी पडते, रणगाडे बाहेर येतात. परतताना स्वतःला ओढून घेता यावे म्हणून मागचा नांगर आधीच टाकलेला असतो. १९८७ साली दाखल झालेली आणि २०२३ मध्ये निवृत्त झालेली ‘आयएनएस मगर’ या जातीची. २००७ साली आलेली ‘जलाश्व’ वेगळी. ती किनाऱ्याला लागत नाही. तिच्या पोटात पाणी घेता येते आणि त्या पाण्यातून लहान होड्या सैनिक घेऊन बाहेर पडतात. गुराबेच्या पोटात गलबत ठेवावे, तसे हे.

आगरदांड्याहून दिघीला जंगलने गाडी नेली असेल, तर ती फळी आपण पाहिलेली आहे. धरमतरच्या धक्क्यावर आजही माल बार्जमधून येतो, त्याचेही कारण उथळ पाणीच.

खांदेरी २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली, याचा आनंद आहेच. पण तट वाचवला तो दगडाइतकाच पाण्याच्या जाणकारांनी. भरती कधी लागते, कुठला खडक कधी उघडा पडतो, हे आपल्या खाडीकाठच्या म्हाताऱ्या तांडेलांना तोंडपाठ असते. तोही वारसाच आहे. ते आहेत तोवर त्यांना विचारून घ्यावे.