कात्रजचे पाणी आणि परसातली कर्दळ

१/ पुण्याच्या पाण्याचा इतिहास सांगताना कात्रजचा तलाव, दगडी नळ आणि पेठांतील हौद यांचे कौतुक होते. वापरून झालेले पाणी कुठे जाई, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. हा धागा त्या उरलेल्या निम्म्या गोष्टीचा.

२/ नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, इ.स. १७५० च्या सुमारास, कात्रजला आंबील ओढ्यावर बांध घालून तलाव बांधला गेला. तिथले पाणी जमिनीखालच्या चिरेबंदी नळातून, केवळ उताराच्या बळावर, शनिवारवाड्यापर्यंत आणि काळा हौद, बदामी हौद अशा हौदांपर्यंत पोहोचे.

३/ नळावर ठिकठिकाणी उच्छ्वास होते. त्यांतून हवा बाहेर पडे आणि आत उतरून साचलेला गाळ उपसता येई.

४/ हौदावरचे पाणी घागरीने घरी येई, म्हणून ते जपून वापरले जाई. मोरीचे सांडपाणी परसातल्या अळवाला, केळीला, कर्दळीला सोडण्याची रीत महाराष्ट्रात होती.

५/ खडकवासल्याचे धरण १८७९ च्या सुमारास पुरे झाले आणि पुढे पाणी नळाने घरात आले. घागर सुटली, वापर वाढला. परसे मात्र आकसत गेली. सांडपाण्याला गटाराखेरीज वाट उरली नाही.

६/ परसातल्या त्या रीतीमागे शास्त्र आहे. मुळांभोवती वाढणारे जिवाणू पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवतात. नत्र आणि स्फुरद झाड शोषून घेते. जर्मनीत केटे झायडेल यांनी १९५० च्या दशकात पाणवनस्पतींवर याचेच पद्धतशीर प्रयोग केले.

७/ आजच्या इमारतीत हेच करता येते. न्हाणीघराचे व स्वयंपाकघराचे पाणी शौचालयाच्या पाण्यापासून वेगळे काढायचे, टाकीत तेलकट थर व गाळ अडवायचा, मग कर्दळ लावलेल्या खडीच्या वाफ्यातून ते सावकाश झिरपू द्यायचे. बाहेर पडणारे पाणी पिण्याजोगे नसते. बागेला आणि, निर्जंतुक केल्यास, शौचालयाच्या टाकीला ते चालते.

८/ ज्या तलावाने पुण्याला पाणी पाजले, त्यात आता भोवतालच्या वस्तीचे सांडपाणी येते आणि जलपर्णी माजते. तीही घाण शोषते. पण वेळेवर काढली नाही, तर तिथेच कुजून सारे पाण्याला परत करते.

९/ म्हणून झाड लावणे हे निम्मेच काम. पेशवाईतला नळही टिकला तो उच्छ्वासात उतरून गाळ काढणाऱ्या हातांमुळे. कर्दळीच्या वाफ्यालाही असे हात लागतात: वाढ छाटणारे, खडी धुणारे. कात्रजच्या नव्या इमारतींनी एवढे केले, तरी तलावाकडे जाणारी घाण उगमापाशीच कमी होईल.