संदर्भ लेख : पादचारी आणि सायकलस्वारांसाठी आधी कोणता रस्ता? जबलपूरच्या नकाशातील उत्तरे

जबलपूर : मध्य प्रदेशातील जबलपूर शहरात दमोह नाका ते मदन महल हा सुमारे सात किलोमीटरचा उड्डाणपूल ऑगस्ट २०२५ मध्ये वाहतुकीस खुला झाला. अशा पुलामुळे वाहनांचा किती वेळ वाचेल, याचा हिशेब प्रकल्प आखतानाच मांडला जातो. पुलाखालचा रस्ता पायी ओलांडणाऱ्याला किती वळसा पडेल, याचा हिशेब मात्र बहुधा कोणत्याच कागदावर नसतो. हा दुसरा हिशेब मांडण्यासाठी लागणारे नकाशे आणि आकडेवारी आज बऱ्याच अंशी खुली आहे. तिच्या आधारे कोणत्या रस्त्याचे काम आधी घ्यावे, हे ठरवण्याची पद्धत जगात अनेक ठिकाणी रूढ झाली असून भारतीय शहरांपुढेही आता तोच प्रश्न आहे.

या प्रश्नाला कायद्याचेही अधिष्ठान मिळाले आहे. पदपथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजीच्या आदेशात स्पष्ट केले. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांतील सुमारे साडेएकोणीस टक्के पादचारी होते. हक्क सर्वांचा असला तरी महापालिकेचा निधी मर्यादित असतो. जबलपूर महापालिकेत ७९ प्रभाग आहेत. निधी प्रभागनिहाय समान वाटला, तर प्रत्येक प्रभागात थोडासा पदपथ होईल आणि त्यांतील एकही तुकडा दुसऱ्याला जोडलेला नसेल.

नकाशाधारित पद्धत येथे उपयोगी पडते. प्रथम लोक कोठून कोठे जातात, याची जोडपत्रके तयार केली जातात : घर आणि कामाचे ठिकाण, घर आणि शाळा, वस्ती आणि बाजार. मग प्रत्येक जोडीसाठी रस्त्यांच्या नकाशावर सर्वांत सोयीचा मार्ग संगणकाद्वारे काढला जातो आणि कोणत्या रस्त्यावर असे किती मार्ग एकत्र येतात, ते मोजले जाते. इंग्लंडमध्ये जनगणनेतील प्रवासाच्या नोंदी वापरून असेच एक सार्वजनिक साधन तयार झाले आहे. आज किती लोक सायकल चालवतात, यावर ते थांबत नाही; अंतर आणि चढ पाहता किती लोक चालवू शकतील, याचाही अंदाज देते. रस्त्यांच्या माहितीसाठी २००४ मध्ये सुरू झालेला, स्वयंसेवकांनी घडवलेला ओपनस्ट्रीटमॅप हा खुला नकाशा उपलब्ध आहे. उंचसखलपणाची माहिती इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरून मिळते. मदन महलच्या टेकड्यांमुळे जबलपूरच्या पश्चिम भागात ही माहिती दुर्लक्षून चालत नाही. सपाट नकाशावर जवळचा दिसणारा मार्ग सायकलस्वाराला दमवणारा असू शकतो.

जबलपूरची घडण अशा मोजणीला विशेष आव्हान देणारी आहे. मुंबई आणि कोलकाता यांना जोडणारा लोहमार्ग १८७० मध्ये येथेच पूर्ण झाला आणि तेव्हापासून रुळांनी शहराचे दोन भाग केले. एका अंगाला बडा फुहारा, हनुमानताल ही जुनी, दाट वस्ती; दुसऱ्या अंगाला सदर आणि छावणीचा परिसर. पूर्वेकडे संरक्षण उत्पादनाचे कारखाने आहेत. १९०४ मधील तोफगाडी कारखाना, खमरिया येथील आयुध निर्माणी आणि १९६९ मधील वाहन निर्माणी यांच्या लांबच लांब भिंती आणि मोजकी प्रवेशद्वारे ही त्या भागाची ओळख आहे. त्यांतच शहराच्या मध्यातून वाहणारा ओमती नाला. त्यामुळे दोन ठिकाणांमधले सरळ रेषेतील अंतर आणि प्रत्यक्ष चालण्याचे अंतर यांत येथे मोठी तफावत पडू शकते. या दोन अंतरांचे गुणोत्तर काढले की, कोठे एखादा पादचारी पूल, भुयारी मार्ग किंवा नाल्यावरचा साकव सर्वाधिक लोकांचा वळसा वाचवेल, हे दिसू लागते. काही शे मीटरचा असा दुवा अनेक किलोमीटर पदपथापेक्षा अधिक उपयोगी ठरू शकतो. मात्र उद्घाटनासाठी तो फारसा देखणा नसतो, ही त्याची अडचण.

अपघातांची नोंद हा या नकाशाचा दुसरा थर होय. देशाच्या एकात्मिक रस्ते अपघात नोंद प्रणालीची सुरुवात ज्या सहा राज्यांपासून झाली, त्यांत मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही दोन्ही राज्ये होती. या प्रणालीत पोलीस कर्मचारी घटनास्थळावरूनच भ्रमणध्वनीद्वारे अक्षांश-रेखांशासह नोंद करतात, त्यामुळे प्रत्येक अपघात नकाशावर नेमक्या जागी मांडता येतो. तथापि, केवळ अपघातस्थळांवरून क्रम लावणे धोक्याचे आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटर लांबीत तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात किंवा दहा मृत्यू झाले, तर ती जागा अपघातप्रवण मानली जाते. हा निकष महामार्गासाठी आखलेला आहे. शहरातील एखाद्या रुंद रस्त्यावर पादचाऱ्याचा एकही मृत्यू नसणे, याचा अर्थ तो रस्ता सुरक्षित आहे असा होत नाही. कदाचित तो इतका भीतिदायक असेल की वृद्ध माणसे तो ओलांडतच नाहीत आणि पालक मुलांना एकटे पाठवत नाहीत. नकाशावर ही जागा स्वच्छ दिसते, पण ती पोकळीच खरी नोंद असते. त्यासाठी काही देशांत रस्त्याची रुंदी, वाहनांचा वेग आणि मार्गिकांची संख्या यांवरून सायकलस्वाराला जाणवणाऱ्या ताणाची प्रतवारी लावली जाते आणि ज्या जागा ताणामुळे टाळल्या जातात त्या अपघात नसतानाही वर येतात.

माहितीतील सर्वांत मोठी उणीव तिच्या वयाची आहे. शेती आणि घरगुती उद्योगाबाहेरचे कामगार कामावर कसे आणि किती अंतर जातात, हे २०११ च्या जनगणनेत विचारले गेले. देशभरात त्यांपैकी सुमारे २३ टक्के पायी आणि १३ टक्के सायकलने जात असल्याचे त्यातून दिसले. म्हणजे कामावर जाणाऱ्या दर तिघांपैकी एकाहून अधिक जण मोटारीच्या धोरणात बसतच नव्हते. शाळेला जाणारी मुले, पाणी वा भाजी आणणाऱ्या स्त्रिया आणि निवृत्त मंडळी या प्रश्नाच्या कक्षेबाहेरच राहिली. त्यानंतरची जनगणना पुढे ढकलली गेली; आता ती १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून होणार आहे.

ही पोकळी भरण्यासाठी व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या भ्रमणध्वनी ॲपच्या आकडेवारीकडे वळण्याचा मोह होतो. त्यात पहाटे छंद म्हणून सायकल चालवणाऱ्यांचे रस्ते उजळून दिसतात. कारखान्याच्या पाळीला जाणारा कामगार अशी नोंद ठेवत नसल्याने त्याचा रस्ता अंधारातच राहतो. खुल्या नकाशाचीही मर्यादा आहे. रस्त्याची रेषा तेथे बिनचूक असते, पण त्याला पदपथ आहे का, असल्यास किती रुंद, ही रकाना-माहिती भारतीय शहरांत बहुधा कोरी असते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदपथावर किमान १.८ मीटर रुंदी अडथळ्याविना मोकळी असायला हवी. विजेचा खांब, रोहित्र, दुकानाची पायरी आणि उभी केलेली दुचाकी वजा जाता ती उरते का, हे कोणताही उपग्रह सांगू शकत नाही. त्यासाठी फूटपट्टी घेऊन चालावेच लागते. हे काम जिकिरीचे असले तरी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना काही आठवड्यांत करता येण्याजोगे आहे.

सलगतेचा धडा महाराष्ट्राने स्वतःच्या अनुभवातून घेतला आहे. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात जलद बस मार्गांसोबत सायकल मार्ग बांधले गेले, परंतु ते चौकाचौकांत तुटत राहिले आणि सायकलस्वार मुख्य रस्त्यावरच राहिले. २०१७ मध्ये पुणे महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा स्वीकारला, तो संपूर्ण जाळ्याचा विचार करूनच. स्पेनमधील सेव्हिल शहराने काही वर्षांतच १०० किलोमीटरहून अधिक सायकल मार्ग उभारला आणि तेथे सायकलचा वापर कित्येक पटींनी वाढला. तो मार्ग तुकड्यांत नव्हता, सलग होता. केंद्र सरकारच्या सायकलविषयक स्पर्धेत नागपूर आणि पिंपरी-चिंचवड यांची निवड झाली होती. जबलपूरने लहान मुले आणि पालक यांच्या दृष्टीने परिसर सुधारण्याच्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या दहा शहरांत स्थान मिळवले. मुलांच्या नजरेने रस्ता पाहण्याचा तो सराव प्राधान्यक्रम लावताना थेट उपयोगी ठरावा.

शहराची हद्द ओलांडली की प्रश्नाचे रूप बदलते. भेडाघाटचा धुवांधार धबधबा आणि संगमरवरी खडक पाहण्यासाठी येणाऱ्या पर्यटकांची मोजदाद होते, त्यामुळे त्या रस्त्याला निधी मिळणे तुलनेने सोपे असते. पण ग्वारीघाट, तिलवाराघाट, लमेटाघाट या नर्मदाकाठच्या पट्ट्यातून आणखी एक वाहतूक शतकानुशतके चालत आली आहे, ती परिक्रमावासींची. चातुर्मास संपल्यावर निघणाऱ्या या पदयात्रेत मराठी माणसांचा भरणा मोठा असतो. कामाचे ठिकाण, शाळा, बाजार यांपैकी कोणत्याच जोडपत्रकात ती बसत नाही आणि महामार्गाच्या कडेने, दंड-कमंडलू घेऊन चालणाऱ्या या लोकांसाठी बाजूपट्टी किती रुंद असावी, याचा विचार वाहनसंख्येवरून होऊ शकत नाही. त्यांच्या मुक्कामाच्या धर्मशाळा आणि आश्रम मात्र ठाऊक आहेत. एका मुक्कामापासून दुसऱ्यापर्यंतची वाट नकाशावर आखून, ती जेथे महामार्गावर येते तेवढेच टप्पे वेगळे काढता येतात. त्याच टप्प्यांवरून काठच्या गावांतील मुलेही सायकलने शाळेला जात असतील, तर त्या टप्प्याचा क्रम आपोआप वर येतो.

वजने कशाला किती द्यायची, हा निर्णय संगणक घेत नाही. अपघातांना अधिक वजन दिले की महामार्ग वर येतात, संभाव्य वापराला दिले की जुनी दाट वस्ती आणि शाळांचा परिसर, उत्पन्नाला दिले की कारखान्यांपलीकडच्या वसाहती. महापालिकेने ही वजने यादीसोबत जाहीर केली, तर आपला रस्ता चौदाव्या क्रमांकावर का आहे, असे विचारणाऱ्या प्रभागातील नागरिकाला उत्तर देता येते आणि ते उत्तर पटले नाही तर वजनांवरच हरकत घेता येते.