झिजणारी पाटी

शाळेतली दगडी पाटी आठवते ना? लिहायचं, पुसायचं, पुन्हा लिहायचं. तिची झीज कुणी मोजली नाही. आज आपले फोटो आणि हिशेब ज्या पाटीवर असतात, तिची झीज मात्र मोजावी लागते.

या पाटीचे जनक जपानच्या तोशिबा कंपनीतले अभियंते फुजिओ मासुओका. त्याआधी, १९७१ मध्ये आलेली ईप्रॉम चिप पुसायची तर अतिनील प्रकाशाखाली ठेवावी लागे. मासुओकांची चिप विजेनंच, एका झटक्यात पुसली जाई. कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखी, म्हणून त्यांच्या एका सहकाऱ्यानं तिला 'फ्लॅश' हे नाव सुचवलं. १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत ती मांडली गेली. १९८७ मध्ये तिचा 'नँड' हा प्रकार आला. आजच्या एसएसडी त्याच्यावरच चालतात.

हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते. एसएसडीत हलणारं काही नाही, म्हणून वेग. साधी साटा एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट वाचते, तर नव्या एनव्हीएमई प्रकारातल्या काही ७,००० पर्यंत जातात.

पण लिहिताना इलेक्ट्रॉन एका अतिशय पातळ थरातून ढकलावे लागतात. दर वेळी तो थर थोडा दुबळा होतो. एका कप्प्यात एकच बिट असे, तेव्हा तो साधारण एक लाख वेळा लिहून-पुसून टिके. किंमत उतरावी म्हणून कप्प्यात दोन, तीन, चार बिट बसवले आणि आयुष्य काही हजारांवर, कधी हजाराच्या आसपास आलं.

याचा परिणाम २०२१ मध्ये रस्त्यावर दिसला. अमेरिकेत टेस्लानं सुमारे १ लाख ३५ हजार मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. त्यांतली आठ गिगाबाइटची चिप सुमारे ३,००० फेऱ्यांनंतर, म्हणजे पाच-सहा वर्षांत झिजून जाई. मग पडदा बंद, आणि गाडी मागे घेताना पाहायचा कॅमेराही बंद!

म्हणून एसएसडी घेताना वेगाबरोबर 'टीबीडब्ल्यू' हा आकडाही पाहावा. एकूण किती टेराबाइट लिहिण्याची हमी आहे, ते तो सांगतो. ६०० टीबीडब्ल्यूच्या एसएसडीवर रोज ५० गिगाबाइट लिहिले, तरी तेहेतीसेक वर्षं लागतील. घरच्या संगणकाला हे पुष्कळ झालं. रात्रंदिवस चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्यासाठी मात्र आधी हाच आकडा विचारावा, वेग नंतर.