सीटखालची चावी: एका भरतीचा घटनाक्रम

पुढची मोटरसायकल, तिच्यावरचे दोघे मित्र आणि ही संध्याकाळ रचलेली आहे. समुद्र आणि कुलपं मात्र जशी वागतात तशीच वागतील. ठिकाण दिवेआगर, दिवस त्रिपुरी पौर्णिमेचा. हिशेब सोपा जावा म्हणून ओहोटीपासून भरतीपर्यंत पाणी ४ मीटर चढतं आणि वाळू दर ५० मीटरला १ मीटर उतरते, असं धरलं आहे.

आदल्या रात्री ९:४०, पुणे
गाडी घेतली तेव्हा शोरूमने दोन चाव्या दिल्या. दुसरी तेव्हापासून कपाटात आहे. बायको म्हणते, "दुसरीपण घेऊन जा रे, कुठे हरवलीस तर?" सल्ला अगदी योग्य. तो चावी घेऊन खाली जातो, सीट उघडतो, टूलकिटच्या पिशवीत चावी ठेवतो आणि सीट दाबून बंद करतो. वर येऊन सांगतो, "घेतली."
सीटचं कुलूप त्याच चावीने उघडतं. इग्निशन, हँडल लॉक आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकणही.

सकाळी ६:१५, पुणे
मित्र मागे बसतो. पौड, मुळशी, ताम्हिणी असा रस्ता. गाडीच्या चावीच्या रिंगमध्ये घराची चावी आहे, ऑफिसच्या ड्रॉवरची आहे आणि एक पितळी गणपती आहे. म्हणजे हरवलं तर सगळं एकदम हरवणार. मागच्या माणसाच्या जॅकेटला आत चेनचा खिसा आहे. तो रिकामा आहे.

सकाळी ९:३०, माणगाव
मिसळ खाऊन होते. हॉटेलातला पोऱ्या बाहेरून ओरडतो, "दादा, चावी गाडीलाच आहे!" दोघे हसतात. मालक मात्र मनाशी ठरवतो की आता गाडी सोडताना दर वेळी हँडल लॉक करायचं आणि चावी अंगावरच ठेवायची.
इशारा मिळाला, पण त्यातून अर्थ भलताच निघाला. आपण चावी विसरतो हे कळल्यावर दुसरी चावी मित्राकडे द्यायला हवी होती. त्याऐवजी कुलूप वाढलं, आणि ते उघडणारी चावी हाताशी एकच राहिली.

दुपारी १२:०५, दिवेआगर
खोली सुरूच्या बनाला लागून. समोर वाळूचा अरुंद पट्टा, त्यापलीकडे थेट पाणी. भरती पूर्ण भरलेली आहे. घरमालक काका जेवण वाढता वाढता जुना हिशेब सांगतात: तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ निघते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. हिशेब ढोबळ, प्रत्यक्षात बाराच्या आसपास. पुढची भरती सव्वाबारा तासांनी, साधारण मध्यरात्री. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, म्हणजे पाणी सगळ्यात वर येतं आणि ओहोटीला सगळ्यात लांबही जातं.
दोघे मान डोलावतात आणि सोलकढी मागतात.

दुपारी ४:५०
पाणी दूर गेलं आहे. दुपारी जिथे लाटा फुटत होत्या तिथे आता क्रिकेट चाललंय. ओली वाळू घट्ट असते, गाडीचं चाक जेमतेम खळी पाडतं. वाहनं किनाऱ्यावर नेऊ नयेत अशी पाटी आहे, पण तिच्या बाजूनेच चाकांच्या खुणा गेल्या आहेत. त्यांचीही गाडी त्याच खुणांवरून खाली उतरते.

संध्याकाळी ५:१५
फोटो होतात. गाडी साइड स्टँडवर उभी राहते. ओहोटीच्या शेवटच्या रेषेपासून ती ६० मीटर वर आहे, म्हणजे उंचीने जेमतेम १.२ मीटर. दुपारची भरतीची रेषा तिच्या मागे १४० मीटरवर. माणगावच्या निश्चयाप्रमाणे हँडल डावीकडे वळवून लॉक होतं. फोन आणि पाकिटं बॅगेत जातात, चावी बर्म्युडाच्या खिशात. बॅगेला चेन आहे, खिशाला नाही.

संध्याकाळी ६:००: भरतीला सहा तास
ओहोटी तळाला. सूर्य बुडतो आहे आणि मागे सुरूंवर पूर्ण चंद्र आला आहे. दोघे पाण्याबाहेर येतात. खिशात हात जातो. खिसा ओला आहे आणि रिकामा आहे.

संध्याकाळी ६:२५
शोध सुरू. मागे फिरणारी लाट पायाखालची वाळू खरवडून नेते. पितळी गणपतीसकट ती रिंग वाळूत केव्हाच गेली असणार. तरी दोघे गुडघाभर पाण्यात पायांनी चाचपडत राहतात. पहिल्या तासात पाणी एकूण चढाच्या बाराव्या भागाइतकंच चढतं, म्हणजे ३३ सेंटिमीटर. समुद्र अजून शांत वाटतो.

संध्याकाळी ६:४५
"अरे, दुसरी आणलीय ना तू?"
"आणलीय."
"कुठाय?"
उत्तर द्यायला तोंड उघडतं आणि तसंच राहतं. सीट उचकटायला स्क्रू ड्रायव्हर हवा. तो टूलकिटमध्ये आहे, आणि टूलकिट सीटखाली.

संध्याकाळी ७:००: पाच तास
इथे गाडी वाचू शकते. पाणी अजून ४० मीटर लांब आहे. हँडल लॉक असलेली गाडी ढकलली तर ती गोल फिरते, पुढे जात नाही. पण गिअर न्यूट्रलमध्ये घ्यायला चावी लागत नाही. दोघांनी पुढचं चाक उचलून धरायचं, दोघांनी मागून रेटायचं, दम खात खात सुरूपर्यंत न्यायचं. क्रिकेट खेळणारी पोरं अजून घरी गेलेली नाहीत.
मालक म्हणतो, "पाच मिनिटं थांब, सापडेल." आणि मोबाइलचा टॉर्च लावतो.
या वाक्यात चाळीस मिनिटं जातात. चावी हरवल्यावर माणूस चावीच शोधत बसतो, आणि गाडी कुठे उभी आहे हा पहिला प्रश्न मागे पडतो.

संध्याकाळी ७:४०
जाळं खांद्यावर घेतलेले एक काका थांबतात. "गाडी वर घ्या दादा. आज पुनव आहे." दुसऱ्या तासात चढ दोन भाग असतो, ६७ सेंटिमीटर. दोघे गाडी ढकलतात. ती एक गिरकी घेते आणि तोंड समुद्राकडे करते. पोरं गेलेली आहेत.

रात्री ८:१५: पावणेचार तास
भरतीचा तिसरा आणि चौथा तास सगळ्यात वेगाचा. प्रत्येकी तीन भाग, म्हणजे मीटर-मीटर चढ. या उतारावर पाणी तासाला ५० मीटर आत येतं. पहिली लाट टायरला लागते. परतताना ती चाकाभोवतीची वाळू घेऊन जाते.

रात्री ८:३०
साइड स्टँड वाळूत रुततो. गाडी कलते आणि आडवी होते. जाळंवाले काका आणखी तिघांना आणि एक दोर घेऊन आले आहेत. वळलेलं पुढचं चाक वाळू खणत येतं. दहा-बारा फूट गाडी सरकते. मग कमरेला लाट लागते आणि काका दोर सोडायला सांगतात. गाडीपायी माणूस घालवायचा नाही, हा तिथला नियम आहे.

रात्री ९:००: तीन तास
गाडी होती त्या जागी ८० सेंटिमीटर पाणी. आडवी पडलेली गाडी दिसत नाही.

मध्यरात्र
भरती पूर्ण. त्या जागी २.८ मीटर पाणी.

पहाटे ६:३०
ओहोटी. ट्रॅक्टर येतो. एअर फिल्टरमध्ये वाळू, सायलेन्सरमध्ये पाणी. मालकाचा अंगठा सवयीने स्टार्टरच्या बटणाकडे जातो. चावी नाही हे इथे पहिल्यांदाच बरं ठरतं. पाणी शिरलेलं इंजिन फिरवलं तर आतलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

सकाळी ११:००, गॅरेज
मेकॅनिक स्क्रू ड्रायव्हरने सीटचं कुलूप फोडतो. पिशवीतली चावी जशीच्या तशी आहे. ती घालताच हँडल लॉक उघडतं. इंजिन ऑइल मात्र दुधाळ होऊन बाहेर येतं. प्लग काढून, गोड्या पाण्याने धुऊन, दोनदा ऑइल बदलून इंजिन कदाचित फिरेल. वायरिंगच्या जोडांत आणि बेअरिंगमध्ये गेलेलं मीठ पुढचे कित्येक महिने काम करत राहील. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर यातला एक रुपयाही मिळत नाही. सर्वसमावेशक असेल तर पहिला प्रश्न येतो: गाडी किनाऱ्यावर का नेली?

हिशेब
समुद्र कुठेही चुकला नाही. सगळ्या वेळा दुपारी जेवताना सांगून झाल्या होत्या. गाडी बुडाली ती रात्री नऊला, पण दुसरी चावी निकामी झाली ती आदल्या रात्री ९:४० ला, सीट दाबून बंद केली तेव्हा. पहिली हरवल्यावर जिच्यापर्यंत हात पोहोचत नाही ती चावी जवळ असून नसल्यासारखी.

उपाय स्वस्त आहेत. दुसरी चावी मागे बसणाऱ्याच्या चेनच्या खिशात. दोन गाड्या असतील तर दुसऱ्या चाव्यांची अदलाबदल करून. एकटे असाल तर दोरीने गळ्यात, कपड्याच्या आत. गाडीवरच ठेवायची असेल तर ट्यूबच्या तुकड्यात गुंडाळून चेसिसला आतून केबल टायने बांधायची, जिथे ती दिसत नाही पण टाय तोडून मिळते. घराच्या चाव्या त्या रिंगमध्ये नकोत. आणि दोन्ही मूळ चाव्या जपायच्या: गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दाव्यासोबत दोन्ही मागते.

निघण्यापूर्वी गाडीजवळ उभं राहून एक परीक्षा घ्यावी. हातातली चावी आत्ता समुद्रात पडली असं समजायचं आणि दुसरी आणून दाखवायची. त्यासाठी कुलूप उघडावं लागलं किंवा घरी फोन करावा लागला, तर आपण एकाच चावीवर प्रवासाला निघालो आहोत.